जुनी शिडाची होडी घेताना : रंग पाहू नका, सांधा पाहा

जुना माल घेणे हा आपल्या लोकांचा नेहमीचा व्यवहार आहे. जुना लूम, जुना टेम्पो, जुने शिलाई मशीन, असे काही ना काही आपल्यापैकी बहुतेकांनी कधी तरी घेतलेले असते. त्यात कोणी फसला, कोणी चार पैसे वाचवून गेला. दोघांत फरक एवढाच, की ज्याने झाकलेली जागा उघडून पाहिली तो वाचला.

आज आम्ही ज्या मालाबद्दल लिहीत आहोत तो आपल्या बाजारात सहसा येत नाही. तो म्हणजे वापरलेली, वेगाने पळणारी शिडाची होडी. वाचक विचारतील, कापडवाल्याचा होडीशी काय संबंध? संबंध असा. आमचा भाचा मूळ रत्नागिरी जिल्ह्यातला. जहाजांवर इंजिनियर म्हणून उमर काढली आणि आता इंग्लंडात साउथॅम्पटनला घर करून आहे. वर्षानुवर्षांच्या बचतीतून त्याला स्वतःची होडी घ्यायची होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे होतो. तो म्हणाला, "मामू, इंजिन मी पाहतो, शिडे तुम्ही पाहा. कापड तुमचा धंदा आहे." त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकलो ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

ही होडी कोणत्या जातीची

हिला परफॉर्मन्स क्रूझर म्हणतात. शर्यतीची होडी आणि सहलीची होडी यांच्या मधली ही जात. आत झोपायला बाक, स्वयंपाकाची जागा, लहान डिझेल इंजिन, सर्व काही असते. पण अंग हलके, डोलकाठी उंच, शिडे मोठी आणि तळाची कील खोल असते. कील म्हणजे होडीच्या पोटाखाली बोल्टांनी बसवलेले शिशाचे किंवा बिडाचे जड पाते. चाळीस फुटी होडीत तिचे वजन दोन-तीन टन भरते. वारा होडीला एका बाजूला झुकवतो आणि कील तिला परत सरळ करते.

वेग हवा म्हणून कारखानदार वजन कमी करतो. वजन कमी केले की प्रत्येक भागावर ताण वाढतो. शिवाय अशा होड्या बहुधा शर्यतीत धावलेल्या असतात. म्हणून साध्या सहलीच्या होडीपेक्षा हिची तपासणी दुपटीने कडक हवी.

पहिली तपासणी : कील जिथे जोडली आहे ती जागा

या एका सांध्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो. हे आम्ही उगाच म्हणत नाही. 'चीकी राफिकी' नावाची एक ब्रिटिश होडी होती. बेनेटो कारखान्याची फर्स्ट ४०.७, २००६ साली बनलेली. मे २०१४ मध्ये ती अँटिग्वाहून साउथॅम्पटनला परतत होती. अटलांटिक महासागराच्या मध्यावर असताना आत पाणी शिरत असल्याचा निरोप आला आणि पुढे संपर्क तुटला. २३ मे रोजी ती अमेरिकन नौदलाच्या जहाजाला पालथी सापडली. कील जागेवर नव्हती. जीव वाचवायचा तराफा होडीतच होता, तो वापरलाच गेला नव्हता. चौघे खलाशी घरी परतले नाहीत.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ साली अहवाल दिला. या होडीच्या आत तळाला मजबुतीसाठी फायबरचा एक साचा चिकटवलेला असतो. त्याला मॅट्रिक्स किंवा ग्रिड म्हणतात. होडी पूर्वी तळाला आपटली होती आणि तिची दुरुस्तीही झाली होती. या दोन्हींमुळे कीलजवळची जोडणी कमजोर झाली असावी, अशी शक्यता अहवालात नोंदली आहे. साच्याचा चिकटा सुटला तर तो वरून सहज दिसत नाही, हेही त्यात सांगितले आहे. यात शिकण्यासारखे हे, की आपटणे मोठे असो वा लहान, त्यानंतरचा ऐब आत राहतो आणि वर रंग चकाकतो.

तपासायचे कसे? होडी क्रेनच्या पट्ट्यांवर उचलून पाण्याबाहेर काढावी. कील लटकत असताना तिच्या आणि अंगाच्या मधली रेघ उघडते का ते पाहावे. पुढच्या टोकाशी चीर दिसली तर सावध व्हावे. कील खडकावर आदळली की तिचे मागचे टोक तरफेसारखे वर अंगात घुसते, म्हणून आतून फळ्या उचलून कीलच्या मागच्या टोकाशी असलेले आडवे आधार खास पाहावेत. बोल्टांभोवती गंजाचे ओघळ आहेत का, आत कुठे एकाच ठिकाणी ताजा रंग आहे का, हेही पाहावे.

दुसरी तपासणी : अंग

होडीचे अंगही कापडच आहे, हे तिथे गेल्यावर आमच्या लक्षात आले. काचेच्या धाग्याचे कापड राळेत भिजवून थरावर थर बसवतात. वजन वाचावे म्हणून दोन थरांच्या मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा फोम भरतात. बाल्सा चांगला माल आहे, पण डेकवर जिथे जिथे स्क्रू किंवा बोल्ट मारलेला असतो तिथून पाणी शिरले तर तो आत कुजतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसे सर्व्हेअर लहान हातोडीने डेक वाजवतो. टणक आवाज आला तर माल चांगला. बद्द आवाज आला तर थर सुटला आहे किंवा आत ओल आहे असे समजावे. ओल मोजण्याचे मीटरही असते. पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर एखादा फोडून पाहतात. आतल्या पाण्याला शिरक्यासारखा आंबट वास आला तर पाणी राळेपर्यंत पोचले आहे असे समजतात.

तिसरी तपासणी : शिडे

येथे मात्र आमचे दुकान होते. साधे शीड पॉलिएस्टरचे असते. डॅक्रॉन हे त्याचेच एक व्यापारी नाव. कापडाचा जाणकार एक गोष्ट जाणतो, की ताणा आणि बाणा यांच्या दिशेने ओढले तर कापड धरते, तिरपे ओढले तर सैल होते. वारा शिडाला तिरपेही ओढतो. म्हणून शिडाचे कापड अतिशय घट्ट विणतात, उष्णतेने आकसवतात, राळेची मांड चढवतात आणि गरम रुळांखालून दाबून काढतात. नवे शीड कागदासारखे खडखडते ते यामुळेच. वापरात फडफडून ती मांड तुटते आणि कापड मऊ पडते. मऊ पडलेले शीड वाऱ्यात फुगते आणि त्याचे पोट मागे सरकते. होडी जास्त झुकते आणि वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. वेगासाठी घेतलेल्या होडीचा वेगच गेला तर घेतले काय?

पहिल्या होडीची शिडे पांढरीशुभ्र होती. भाचा खूश झाला. आम्ही दोन्ही हातांत धरून तिरपे ओढले तर तलम वायलसारखे लांबले. धुऊन घडी घातलेला जुना माल होता तो. मग मागच्या किनारीच्या शिलाईवरून नख फिरवले तर दोरा तुटून हातात आला. उन्हाने कापडाआधी शिलाईचा दोरा मरतो. सफेदी धुलाईने येते, जान धुलाईने येत नाही.

शर्यतीची शिडे वेगळी असतात. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या दोन थरांत अरामिड किंवा कार्बनचे धागे बसवलेले असतात. ती ताणत नाहीत, पण उमर कमी. थर सुटून फुगे आले आहेत का, घडीवर फिल्म चिरली आहे का, आत काळी बुरशी आहे का, हे उजेडासमोर धरून पाहावे. विकणारा "दहा शिडे सोबत देतो" म्हणाला तर दहा मोजू नयेत, कामाची किती ते मोजावे.

चौथी तपासणी : तारा, सुकाणू, इंजिन

डोलकाठीला धरणाऱ्या स्टेनलेस तारा दहा ते पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. तारा चकचकीत असल्या तरी जिथे त्या टोकात शिरतात तिथे आतून तुटतात. विमा कंपन्याही तारांचे वय विचारतात. म्हणून "तारा केव्हा बदलल्या, बिल दाखवा" हा प्रश्न पहिल्याच भेटीत करावा. सुकाणूचे पाते हाताने हलवून पाहावे, खटखट वाजले तर बेअरिंग गेले. इंजिनचा पाय तळातून खाली जात असेल तर त्याभोवती रबरी पडदा असतो. व्होल्व्हो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते. समुद्र आणि होडीची आतली बाजू यांच्यामध्ये तेवढे रबरच असते.

कागद आणि बयाणा

ब्रिटनमध्ये होडीच्या नोंदणीचे भाग आहेत. पहिल्या भागात मालकी तपासून नोंदतात आणि गहाणही नोंदवता येते. तिसरा भाग लहान होड्यांचा, त्यातली नोंद मालकीचा पुरावा नव्हे. विकणारा तिसऱ्या भागाचा दाखला पुढे करून "ही पाहा मालकी" म्हणाला तर भुलू नये. मागच्या सर्व विक्रीपत्रांची साखळी मागावी, व्हॅट भरल्याचा कागद मागावा. जून १९९८ नंतर युरोपच्या बाजारात आलेल्या होडीवर सीई खुणेची पट्टीही असायला हवी.

तिथली चाल अशी आहे. भाव ठरला की दहा टक्के बयाणा द्यायचा आणि करारात "तपासणीच्या अटीवर" असे लिहून घ्यायचे. मग सर्व्हेअर नेमायचा. मोठा ऐब निघाला तर भाव कमी करून घेता येतो, नाही तर सौदा सोडून बयाणा परत घेता येतो. मात्र ही अट कागदावर हवी, जबानी चालत नाही. आणि सर्व्हेअर आपणच शोधावा. तिथे दलालाला दलाली विकणारा देतो, म्हणून त्याने सुचवलेला माणूस कितीही भला असला तरी आपला नव्हे.

आमच्या वहीतला हिशेब

पहिल्या होडीचा भाव ४८,००० पौंड होता. भाच्याने बयाणा देऊन सर्व्हेअर नेमला. सर्व्हे आणि क्रेन मिळून १,३०० पौंड लागले. क्रेनवर उचलल्यावर कीलच्या सांध्यावर तेवढाच एक नवा रंगाचा पट्टा दिसला. आत कीलच्या मागच्या टोकाशी आधार वाजवला तर बद्द आवाज. विकणारा आधी "कधीच आपटली नाही" म्हणत होता, मग म्हणाला, "वाळूला जरा टेकली होती."

सर्व्हेअरच्या अंदाजाने कील काढून साचा पुन्हा बसवायला १२,०००, तारांना ६,०००, शिडांना ८,५०० आणि रबरी पडद्याला १,२०० पौंड लागणार होते. एकूण २७,७०० पौंड. म्हणजे ४८,००० ची होडी ७५,७०० ला पडत होती. भाच्याचे मन तिच्यावर बसले होते. आम्ही म्हणालो, "बेटा, तेराशे गेले, जाऊ दे. त्या तेराशेने तुझी जान विकत घेतली." त्याने सौदा सोडला. बयाणा परत मिळाला.

दुसरी होडी ५८,००० ची. रंग उडालेला, गाद्या जुन्या. पण मालकाकडे बिलांची फाईल होती. कील काढून पुन्हा बसवल्याचे बिल, तारा चार वर्षांपूर्वी बदलल्याचे बिल. पुढचे शीड थकले होते, त्याला ३,५०० आणि सुकाणूच्या बेअरिंगला १,७०० पौंड. बेअरिंगचे पैसे मालकाने भावातून कमी केले. सर्व मिळून ६१,५०० ला पडली. महाग दिसणारी होडी १४,२०० पौंडांनी स्वस्त निघाली.

जाता जाता

जुन्या मालाचा खरा भाव म्हणजे मागितलेली रक्कम अधिक तो कामास लावायचा खर्च. हा दुसरा आकडा विकणारा सांगत नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो. जी जागा आपल्याला समजते ती स्वतः पाहावी, जी समजत नाही तिथे जाणकाराला त्याची मजुरी देऊन न्यावे. आणि जिथे ताण सर्वांत जास्त आणि नजर सर्वांत कमी पोचते तिथून तपास सुरू करावा. होडीत ती जागा कीलचा सांधा आहे. आपण जो जुना माल घेणार असाल त्यात ती जागा कोणती, हे बयाणा देण्याआधी शोधून ठेवावे.