बिकट काळातील दिनक्रम आणि मनःस्वास्थ्य : जयपूरचे तीन अनुभव

विकासाचे मोजमाप करताना उत्पन्न, साक्षरता आणि आयुर्मान या निर्देशकांचा प्रामुख्याने विचार होतो. मनःस्वास्थ्याचा उल्लेख बहुधा आरोग्यविषयक प्रकरणाच्या अखेरीस येतो. वास्तविक 1948 मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करतानाच शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही सुस्थितींचा एकत्रित विचार केला होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राजस्थानसह 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, प्रौढ लोकसंख्येपैकी 10.6 टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विकाराच्या प्रकारानुसार यांपैकी सुमारे 70 ते 92 टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचले नव्हते.

उपचारांची ही तूट भरून काढणे हे शासनाचे दायित्व आहे. तथापि, विकार जडण्यापूर्वी, म्हणजेच नोकरी जाणे, आजारपण, दुष्काळ, परीक्षेतील अपयश अशा प्रसंगी मनाचा तोल कशाने टिकतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जयपूर शहर व परिसरातील तीन अनुभव उद्बोधक ठरतात.

दिनक्रम मोडल्याचे परिणाम

प्रथम एका परदेशी अभ्यासाकडे वळणे आवश्यक आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातील कापड कारखाना जागतिक मंदीच्या प्रारंभी, 1929-30 मध्ये बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी या गावाचा केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना भरपूर मोकळा वेळ मिळाला असूनही गावातील वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुषांची चाल मंदावली. दिवसभरात काय केले, हे त्यांना नीट सांगता येईना. स्त्रियांचीही कारखान्यातील नोकरी गेली होती, परंतु घरकाम सुटले नव्हते. त्यामुळे त्यांच्या दिवसाची घडी तुलनेने टिकून राहिली.

याहोदा यांनी पुढे या निरीक्षणांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, रोजगार केवळ वेतन देत नाही. तो दिवसाला आकार देतो, घराबाहेरील माणसांशी संपर्क घडवतो, सामूहिक उद्दिष्टाशी जोडतो, समाजात स्थान देतो आणि हातांना नियमित काम देतो. संकटात उत्पन्नाबरोबर या पाचही गोष्टी हरवतात. दैनंदिन सवयींचे महत्त्व नेमके येथे आहे. हरवलेल्या उत्पन्नाची भरपाई सवयी करू शकत नाहीत. मात्र उरलेल्या पाचांपैकी काही गोष्टी त्या पुन्हा उभ्या करू शकतात.

सांगानेर : काम आणि नाती

जयपूरलगतच्या सांगानेर येथे 1963 मध्ये खुले कारागृह सुरू झाले. राजस्थानचे तत्कालीन राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांचे नाव त्यास देण्यात आले. येथे राहणाऱ्यांत गंभीर गुन्ह्यांसाठी जन्मठेप भोगणारे अनेक बंदी असतात. बंदिस्त कारागृहात शिक्षेचा काही भाग पूर्ण केल्यानंतर व वर्तन समाधानकारक आढळल्यास त्यांची निवड होते. ते कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन मजुरी, नोकरी अथवा लहानसा व्यवसाय करतात, स्वतःच्या कमाईतून घर चालवतात आणि ठरलेल्या वेळी हजेरीस उपस्थित राहतात. अंतर्गत व्यवस्थेत बंद्यांच्या पंचायतीचा सहभाग असतो.

उंच भिंती व मोठा पहारा नसल्याने अशा व्यवस्थेचा दरडोई खर्च बंदिस्त कारागृहापेक्षा कमी असतो, हा तिचा आर्थिक लाभ होय. परंतु याहून मोठा लाभ वेगळा आहे. सकाळी कामावर जाणे, सायंकाळी मुलांमध्ये परतणे आणि दिलेला शब्द पाळून हजेरी देणे, या साध्या क्रमातून बंद्याला माणूस म्हणून स्वतःची ओळख परत मिळते. मारिएनथालमध्ये जे हरवले, तेच येथे नियमाने परत मिळवून दिले जाते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. औंध संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. याच प्रयोगाच्या प्रेरणेतून ग. दि. माडगूळकर यांची कथा व व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन लाभलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट 1957 मध्ये पडद्यावर आला.

केंद्रीय कारागृह, 1975 : श्वासाकडे लक्ष

दुसरा अनुभव जयपूरच्या केंद्रीय कारागृहातील आहे. राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह यांच्या पुढाकाराने 1975 मध्ये सत्यनारायण गोयंका यांनी तेथे सुमारे 120 बंद्यांसाठी विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर घेतले. भारतीय कारागृहातील हे या प्रकारचे पहिले शिबिर होय. काही बंदी बेड्या घातलेल्या स्थितीत आणले गेले, तेव्हा त्या काढल्याखेरीज शिकवणे शक्य नाही, अशी भूमिका गोयंका यांनी घेतली आणि ती मान्य झाली. पुढे एप्रिल 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात एक हजाराहून अधिक बंद्यांचे शिबिर झाले.

दहा दिवसांचे मौन ही दैनंदिन सवय नव्हे, आणि तीव्र मानसिक विकार असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याविना अशा साधनेकडे वळू नये. मात्र तिचे पहिले पाऊल कोणालाही उचलता येण्याजोगे आहे. काही मिनिटे स्वस्थ बसून नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावे. मन भरकटले की स्वतःला दोष न देता ते परत आणावे. परिस्थिती आपल्या हाती नसते. तिच्यावरील तत्काळ प्रतिक्रिया काही अंशी आपल्या हाती असते. बंदिवासात जिथे निवडीला जवळजवळ वाव नसतो, तिथेही एवढी निवड शिल्लक राहते.

जयपूर फूट : शरीराची हालचाल

तिसरा अनुभव सवाई मानसिंह रुग्णालयातील आहे. कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जयपूर फूट’ साकार झाला. 1975 मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. या कृत्रिम पायाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, अनवाणी चालणे, चिखलाच्या शेतात काम करणे या भारतीय जीवनातील सवयी परत मिळाव्यात, हा त्यामागील विचार होता. पाय गमावणाऱ्याचे दुःख केवळ अवयवाचे नसते. पंगतीतून, शेतातून, देवळातून दूर होण्याचे ते दुःख असते. त्या जागी परतता येणे हाच मनाच्या उभारीचा मोठा आधार ठरतो.

परीक्षार्थींसाठी अर्थ

स्पर्धा परीक्षांचा उमेदवार बंदी नाही आणि बेकार कामगारही नाही. तरी त्याच्या स्थितीत दोन्हींची छाया असते. घर सोडून लहानशा खोलीत राहणे, वर्षानुवर्षे उत्पन्न नसणे, निकालावर स्वतःची किंमत ठरवणे आणि अपयशानंतर नातेवाइकांचे फोन टाळणे, हा अनुभव पुण्यात, दिल्लीत आणि जयपुरातही सारखाच आहे. वरील विवेचनातून त्याच्यासाठी पुढील सवयी निष्पन्न होतात.

एक, उठण्याची व झोपण्याची वेळ निश्चित ठेवावी. वाचलेले स्मरणात स्थिर होण्यासाठी झोप आवश्यक असते. रात्रीची झोप कमी करून मिळवलेला तास बहुधा तोट्याचाच ठरतो.

दोन, शरीर हलते ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम श्रमांची शिफारस केली आहे. रोज अर्धा तास भरभर चालल्यास ही मर्यादा सहज गाठता येते.

तीन, दिवसाचे एक काम असे असावे जे त्याच दिवशी पूर्ण होईल : एक उत्तर लिहिणे, खोली झाडणे, स्वयंपाक करणे. परीक्षेचे फळ दूरचे व अनिश्चित असते. पूर्ण झालेले लहान काम हाताला व मनाला खात्री देते.

चार, रोज एका माणसाशी अभ्यासाव्यतिरिक्त बोलावे. निकालानंतर संपर्क तोडण्याची इच्छा सर्वाधिक असते आणि त्याच वेळी संपर्काची गरजही सर्वाधिक असते.

पाच, कोणाच्या तरी उपयोगी पडावे. धाकट्या विद्यार्थ्याला गणित समजावणे हेदेखील समाजातील आपले स्थान टिकवणे होय.

सवयींची मर्यादा

या सवयींचा पुरस्कार करताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. दारिद्र्य, कर्जबाजारीपणा अथवा रोजगाराचा अभाव यांचे ओझे ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाने हलके होत नाही. सांगानेरच्या बंद्याला सवय लागली, कारण शासनाने त्याला संधी दिली. चालता आले, कारण कोणी तरी पाय बनवून दिला. व्यक्तीची सवय आणि संस्थेचा आधार ही परस्परपूरक अंगे आहेत.

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मे 2018 पासून अमलात आला. त्याने शासकीय व शासनसाहाय्यित मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क मान्य केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, हे तत्त्वही त्यात आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते. उदासी, निद्रानाश किंवा निरर्थकतेची भावना दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास सवयींवर विसंबून न राहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटू लागल्यास एक दिवसही वाट पाहू नये. ताप आल्यावर औषध घेण्यात कोणी कमीपणा मानत नाही. मनाच्या आजाराबाबतही तीच दृष्टी हवी.

मानवी भांडवल हा शब्द अर्थशास्त्रात शिक्षण व कौशल्याच्या संदर्भात वापरला जातो. ते शिक्षण घेणारे मन खचले, तर भांडवलाची ही गुंतवणूक वाया जाते. म्हणून दिवसाची घडी सावरणे ही व्यक्तीची खासगी बाब असली, तरी तिचा लाभ संपूर्ण समाजाला मिळतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. रोजगाराची वेतनेतर कार्ये सांगून बेकारीचे सामाजिक परिणाम स्पष्ट करा.
2. खुल्या कारागृहाच्या संकल्पनेचे आर्थिक व मानवीय दृष्टीने मूल्यमापन करा.
3. मानसिक आरोग्याबाबत व्यक्तीचे प्रयत्न व शासनाचे दायित्व परस्परपूरक कसे आहेत, याची सोदाहरण चर्चा करा.