नवे घर, जुना शेजार

घर बदलणे म्हणजे नुसते बिऱ्हाड हलवणे नव्हे. गाडीत भांडी चढतात, अंथरुणे चढतात, धान्याची पोती चढतात. शेजार मात्र गाडीत चढत नाही. पारावरची बैठक मागेच राहते.

किल्लारीच्या भागाचेच पाहा. हा भाग लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आहे. सन १९९३. सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद अंगावर आले. हजारो माणसे दगावली.

पुढे पन्नासांवर गावे नव्या जागी वसवली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले. हे चांगलेच झाले. पण घरे तीन मापांची होती. ज्याची जमीन जास्त, त्याला मोठे घर. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी जुनी गल्ली मोडली. शेजारी लांब गेले. पूर्वी भिंतीला भिंत होती. हाक मारली की ओ मिळत असे. आता कितीतरी म्हातारी माणसे एकटी पडली.

मन बेचैन असले की झोप लागत नाही. अन्न गोड लागत नाही. डोके दुखते. लोक म्हणतात, "नवी जागा मानवली नाही." काहींना ती बाहेरची बाधा वाटते. ती बाधा नव्हे. तुटलेल्या मायेचे ते दुखणे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग आपण काय करावे?

पहिल्याच आठवड्यात चार घरी जाऊन ओळख करावी. म्हाताऱ्यांजवळ रोज कोणीतरी बसावे. मुलांना लगेच शाळेत घालावे. पाण्याची शंका असली तर ते उकळून प्यावे. सणावाराला जुन्या शेजाऱ्यांकडे जावे.

सगळा गावच हलणार असेल, तर ग्रामसभेत आधीच सांगावे, "आमची गल्ली एकत्र ठेवा." घरे बांधून झाल्यावर बोलून काय उपयोग?

पंधरा दिवस झाले तरी झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, असे असेल तर डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटला, तर एक दिवसही थांबू नये. मनाच्या दुखण्यावर इलाज आहे.

आणि आपल्या आळीत नवे बिऱ्हाड आले, तर पहिली हाक आपण मारावी.

प्रश्न
१. नव्या गावात म्हातारी माणसे एकटी का पडली?
२. गाव हलण्याआधी ग्रामसभेत काय सांगावे?
३. तुमच्या गावात नवे कोण राहायला आले आहे? त्यांच्याकडे तुम्ही गेलात का?