ऑइल तापतंय, पाण्याचा काटा मात्र शांत

प्रश्न : बुद्ध सर्किटवर चौथ्या लॅपला माझ्या टर्बो गाडीच्या इंजिन ऑइलचं तापमान १३० अंश सेल्सिअसवर जातं. पाण्याचा काटा मात्र हलत नाही. काळजी करावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : हो, करावी. पाण्याच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. बेअरिंग आणि टर्बोची उष्णता ऑइल झेलतं. ते तापलं की पातळ होतं, दाब उतरतो आणि क्रँकच्या बेअरिंगवरची तेलाची फिल्म तुटू शकते. तिथे एकदा धातूला धातू घासला, की इंजिन उघडावंच लागतं.

चांगलं सिंथेटिक ऑइल १३० अंश थोडा वेळ सोसतं, पण तिथेच वेग कमी करा. बुद्धची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ती सावकाश मारली की वारा आपलं काम करतो. पिटमध्ये येताच इंजिन बंद करू नका, टर्बोत ऑइल जळतं.

हे नेहमीच होत असेल, तर थर्मोस्टॅटसह ऑइल कूलर बसवा. जाड ऑइल मॅन्युअलमध्ये मान्य असेल तरच घाला. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपाशी ठेवा, त्यापुढे नको, फेस होतो.