रेषेवरून चालणारे यंत्र आणि शिक्षकांची शाळा

वर्गात गुरुजी शिकवितात आणि आपण शिकतो, हे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु गुरुजींनाही कधी कधी बाकावर बसून शिकावे लागते. विशेषतः एखादा विषय त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत अभ्यासक्रमात नव्हताच, तर तो त्यांना कोठून यावा? मायक्रोकंट्रोलर म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक, आणि त्याच्या साहाय्याने चालणारे छोटे यंत्रमानव, हा असाच एक विषय आहे.

केंद्र शासनाच्या नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली. योजनेत निवडल्या गेलेल्या शाळेला जास्तीत जास्त २० लाख रुपयांचे अनुदान मिळू शकते. त्यातून साहित्य घेता येते. परंतु साहित्याबरोबर आत्मविश्वास विकत मिळत नाही. शिक्षकाला त्या वस्तूची भीती वाटत असेल, तर खोकी कपाटात राहतात आणि किल्ली कार्यालयात. म्हणून साहित्यापेक्षाही शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मोठा आहे.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे काय?

एकाच चकतीवर गणित करणारा भाग, आज्ञा साठविणारी स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय बसविले की सूक्ष्मनियंत्रक तयार होतो. कपडे धुण्याच्या यंत्रात, रिमोटमध्ये, मोटारसायकलीत तो असतोच. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान-मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतील कित्येक आधुनिक यंत्रांच्या पोटात याच जातीची चकती काम करीत असते. तेव्हा हा विषय खेळण्यांपुरता नाही. तुमच्यापैकी काहींची उद्याची भाकरी त्याच्याशी जोडलेली असेल.

शाळांमध्ये बहुधा आर्डुइनो नावाचा फलक वापरतात. तो २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. त्याच्या ‘उनो’ या प्रसिद्ध प्रकारात ३२ किलोबाइट आज्ञावली मावते, आणि त्याच्या घड्याळाचे दर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. इतका वेगवान असूनही तो अगदी आज्ञाधारक आहे. सांगाल तेवढेच करील, न सांगितलेले काहीही करणार नाही!

रेषा कशी दिसते?

आता पांढऱ्या जमिनीवर काळी पट्टी चिकटवू या आणि त्या पट्टीवरून यंत्राला चालवू या. यंत्राच्या पुढच्या बाजूस, पट्टीच्या डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन संवेदक लावले आहेत. प्रत्येक संवेदकात अवरक्त किरण सोडणारा एक दिवा आणि परत आलेले किरण टिपणारा एक घटक असतो. पांढरा पृष्ठभाग बरेच किरण परतवितो, काळा पृष्ठभाग बरेच शोषून घेतो. परतलेल्या किरणांप्रमाणे विद्युतदाब बदलतो. सूक्ष्मनियंत्रक ० ते ५ व्होल्ट या दाबाचे १०२४ भाग करून ० ते १०२३ मधला एक आकडा आपल्याला देतो. म्हणजे एक भाग सुमारे ०.००५ व्होल्टचा झाला.

समजा, आपल्या मंडलात पांढऱ्यावर २०० आणि काळ्यावर ८०० असा आकडा येतो. मग मधला ५०० हा उंबरठा धरू. ५०० च्या वर ‘काळे’, खाली ‘पांढरे’. आता नियम लिहू:

१. दोन्ही संवेदकांना पांढरे दिसले, तर पट्टी मधोमध आहे. सरळ चला.
२. डाव्याला काळे दिसले, तर यंत्र उजवीकडे सरकले आहे. डावे चाक थांबवा, उजवे चालवा.
३. उजव्याला काळे दिसले, तर याच्या उलट करा.
४. दोघांनाही काळे दिसले, तर आडवी पट्टी आली. थांबा.

चारच नियम! पण येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवा. सूक्ष्मनियंत्रकाचा पाय जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह सुखाने देऊ शकतो, तर छोट्या मोटारीलाही त्याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. म्हणून मोटार थेट पायाला न जोडता मध्ये चालक-मंडल घालतात. सूक्ष्मनियंत्रक फक्त हुकूम देतो. प्रत्यक्ष प्रवाह बॅटरीतून त्या मंडलामार्फत मोटारीला मिळतो.

यंत्र चुकले, आता दोष कोणाचा?

नियम बरोबर, जोडणी बरोबर, आणि तरीही यंत्र पट्टी सोडून भिंतीकडे निघाले. प्रशिक्षणातील खरा धडा या क्षणी सुरू होतो. येथे अनेक शिक्षक म्हणतात, “आम्हाला चालणारी तयार आज्ञावली द्या, म्हणजे झाले.” ती दिली तर त्या दिवशीचे काम भागेल, परंतु वर्गात यंत्र पुन्हा चुकेल तेव्हा चाळीस मुले शिक्षकांच्या तोंडाकडे पाहतील, त्याचे काय?

म्हणून संशयितांची यादी करावयाची. पहिला संशयित प्रकाश. खिडकीतून ऊन आले की त्यातील अवरक्त किरणही संवेदकावर पडतात. समजा, आपले आकडे आता पांढऱ्यासाठी ८० आणि काळ्यासाठी ४५० झाले. उंबरठा तर ५०० ठेवलेला! साहजिकच यंत्राला सगळीकडे पांढरेच दिसते आणि ते सरळ जात राहते. उपाय असा की, सुरू करतानाच पांढऱ्या व काळ्यावरील आकडे मोजून घ्यावेत आणि त्यांचा मध्य काढावा. येथे तो २६५ येईल.

दुसरा संशयित आज्ञावलीतील ‘अर्धा सेकंद थांबा’ ही आज्ञा. वळण नीट पूर्ण व्हावे म्हणून नवशिका ही आज्ञा हमखास घालतो. पण तिच्यामुळे मोटार थांबत नाही, फक्त सूक्ष्मनियंत्रकाचे पाहणे थांबते. यंत्राचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर असेल, तर अर्ध्या सेकंदात ते १० सेंटिमीटर आंधळेपणाने धावते. पट्टी मात्र दोन सेंटिमीटर रुंद! त्याऐवजी सेकंदाला १०० वेळा पाहिले, तर दोन पाहण्यांच्या दरम्यान ते फक्त २ मिलिमीटर पुढे जाते.

तिसरा संशयित चाके. एकाच कारखान्यातल्या दोन मोटारी सारख्याच दाबावर अगदी सारख्या वेगाने फिरतील असे नाही.

तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कारण कोणते होते ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, आकडा लिहून ठेवा, मग पुढची बदला. ही शिस्त भौतिकीच्या प्रयोगशाळेतलीच आहे. यंत्रमानव ती अधिक गमतीने शिकवितो इतकेच.

पवईची पद्धत

वसईहून फार दूर नसलेल्या पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत ‘ई-यंत्र’ नावाचा उपक्रम चालत आला आहे. संगणकशास्त्र विभागात रुजलेल्या या उपक्रमाला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे आर्थिक पाठबळ लाभले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रमानवांची प्रयोगशाळा उभी राहावी, यासाठी त्यांनी प्रथम शिक्षकांनाच हाताशी धरले. एका महाविद्यालयातील चार शिक्षकांचा एक गट करावयाचा, कार्यशाळेत त्यांची ‘फायरबर्ड पाच’ या यंत्रमानवाशी ओळख करून द्यावयाची, आणि मग त्यांना आपापल्या गावी सोडवावयाची कामे नेमून द्यावयाची, अशी ही पद्धत. फायरबर्डमध्ये एटीमेगा २५६० हा सूक्ष्मनियंत्रक आहे. त्याची आज्ञास्मृती २५६ किलोबाइट, म्हणजे उनोच्या आठपट.

या पद्धतीचे मर्म ‘काम’ या शब्दात आहे. व्याख्यान ऐकून पोहता येत नाही, तसेच आज्ञावली लिहिणेही येत नाही. शिवाय चौघांचा गट असल्यामुळे एकाला विजेचे मंडल कळते, दुसऱ्याला आज्ञावली, तिसऱ्याला चाकांचे यांत्रिकी. एक अडला तर दुसरा सोडवितो. महाविद्यालयांसाठी आखलेली ही रीत शाळांनीही उचलावी अशी आहे. एका शाळेतून एकच विज्ञान-शिक्षक न पाठविता त्याच्याबरोबर गणिताचा आणि चित्रकलेचाही पाठवून पाहावा. एकट्या प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की प्रयोगशाळेलाच कुलूप लागते. तिघे शिकले असतील तर ती चालू राहते.

आणि यंत्र रेषेवर चालले म्हणजे संपले असेही नाही. संवेदक बदला, नियम बदला, तोच फलक वसईच्या वाडीत मातीचा ओलावा पाहून पंप बंद-चालू करील, किंवा पावसाळ्यात नाल्याचे पाणी ठरावीक खुणेपर्यंत चढले की भोंगा वाजवील. जुलै २०१८ च्या पुराची आठवण असणाऱ्या वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांना हा दुसरा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हे करून पाहा

तुमच्या शाळेत अजून यंत्रमानव आला नसेल, तरी अडत नाही. मैदानात खडूने वळणावळणाची रेषा काढा. एका मित्राचे डोळे बांधा, तो ‘मोटार’. त्याच्या दोन्ही बाजूंना, रेषेच्या अलीकडे-पलीकडे पाय ठेवून चालणारे दोघे ‘संवेदक’. पायाखाली रेषा आली की त्यांनी ‘काळे’ म्हणावयाचे, एरवी ‘पांढरे’. दुसरा शब्द उच्चारावयाचा नाही. चौथा ‘सूक्ष्मनियंत्रक’. त्याने रेषेकडे पाठ करून, हातातील कागदावरचे वरील चार नियम वाचून ‘सरळ’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘थांब’ एवढेच सांगावयाचे.

आता सूक्ष्मनियंत्रकाला दर पाच पावलांनी एकदाच बोलू द्या. मग दर पावलाला बोलू द्या. दोन्ही वेळा मोटार रेषेपासून किती दूर गेली ते फूटपट्टीने मोजा आणि वहीत लिहा. दोन आकड्यांतला फरक का पडला, हे तुम्हाला शेजाऱ्याला समजावून सांगता आले, तर या लेखातील अर्धा धडा तुम्ही शिकलात. उरलेला अर्धा शिकण्यासाठी आपल्या शिक्षकांनाही खेळायला बोलवा; त्यांचे डोळे बांधायची संधी काही रोज मिळत नाही!