किन्शासाला निघालेल्या भाचीला आत्याचा कानमंत्र

जावईबापूंना किन्शासाला नोकरी लागली म्हटल्यावर रिसोडात जो तो तुला भेव दाखवून राहिला. वाघ येतात म्हणे! आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीतच, एवढं तरी सांग त्यांना. किन्शासा कोटीच्या वर वस्तीचं शहर आहे. रस्त्यात जनावर आडवं आलंच तर बकरी येईल. मी तिथं संसार केला, मुलं वाढवली. म्हणून सांगते ते नीट ऐक, बाई.

आधी तापाचं. पीतज्वराची लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रावरच टोचतात आणि निघायच्या किमान 10 दिवस आधी टोचावी लागते. लस जन्मभर पुरते, पण ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव. परत येताना ते नसलं तर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

खरं भेव मलेरियाचं. तिथं त्याला सगळे ‘पालू’ म्हणतात आणि पडशाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, अंगावर काढला तर मेंदूत जातो. प्रतिबंधाच्या गोळ्या इथूनच डॉक्टरला विचारून ने. मच्छरदाणी लावलीस की कडा गादीखाली चारी बाजूंनी खोच. एक कोपरा सुटला तरी रात्रभर आत डास आणि बाहेर तू, अशी गत. अंग कसकसलं की त्याच दिवशी रक्त तपास. ‘गुत एपेस’ म्हण, बोटाच्या रक्ताचा जाड थेंब काचेवर घेऊन बघतात. क्रोसिन खाऊन दोन दिवस वाट पाहायची आपली वऱ्हाडी खोड इथंच सोडून जा.

आणि माहेरपणाला आलीस नि ताप आला, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं की मी काँगोहून आले. महिना उलटून गेला असला तरी सांगायचं. तो बिचारा टायफॉइड नि डेंग्यूच शोधत बसेल, त्याला काय ठाऊक.

आता स्वयंपाक. बायका इथूनच पोतंभर सामान न्यायला निघतात, आणि तिथं भारतीय दुकानांपलीकडे पाऊल टाकत नाहीत. डाळी, मसाले त्या दुकानांत मिळतात, महाग पडतात इतकंच. पण भाजी तुझी तू बाजारातून आण. न्गाई-न्गाई नावाची जुडी दिसेल, पान तोडून चाखून बघ, आपली अंबाडी! ते लोक मासळीत घालतात. तू डाळीत शिजव, वरून लसणाची फोडणी दे. बितेकुतेकु म्हणजे माठ. भुईमूग भरपूर, त्यामुळे कुटाची चिंता नाही. मिरचीला पिली-पिली म्हणतात आणि ती भिवापुरीलाही मागे टाकते; पहिल्या दिवशी अर्धीच घाल.

कसावा घरोघरी. उपवासाचा साबुदाणा त्याच कंदाचा, पण म्हणून कच्चा तोडून खाऊ नकोस. कडू जातीत विष असतं. ते लोक दिवसचे दिवस पाण्यात भिजवतात, वाळवतात, मग पीठ करतात. त्या पिठाचा फुफू कुणी पुढं ठेवला तर हात धुऊन उजव्या हातानं गोळा मोडून खा. आवडो न आवडो, पहिला घास नाकारायचा नाही. पाल्याची भाजी पोंदू, ती तर आवडेलच.

बाजारात टमाट्याचे वाटे लावलेले असतात, आपल्या आठवडी बाजारासारखेच. आधी ‘म्बोते’, मग ख्यालीखुशाली, मग भाव. थेट भाव विचारणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. बाजारातल्या बाईला ‘मामा’ म्हणायचं, हसू नकोस. कचेऱ्यांत फ्रेंच चालते, पण रस्त्यावर लिंगाला. रोज थोडी शीक, कामवालीकडून शीक, ती खूष होते आणि मग शहराच्या खऱ्या बातम्या तिच्याकडूनच कळतात.

पैशाचं म्हणशील तर डॉलर आणि फ्रँक दोन्ही चालतात. डॉलरची नोट जराशी फाटकी असली तरी कुणी घेत नाही, इथूनच कोऱ्या बघून ने. पर्समध्ये पासपोर्टची नोटरी केलेली प्रत ठेव. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ, गाड्या उजव्या बाजूनं चालतात. नदीपलीकडे ब्राझाव्हिल दिसतं, दुसऱ्या देशाची राजधानी. फोटोचा मोह होईल. नदीकाठ, पूल, विमानतळ, वर्दीतला माणूस, यांच्यावर मोबाइल रोखायचा नाही. नसती आफत.

पावसाचं उलटं आहे. इथं मृग लागायच्या सुमारास तिथला पाऊस थांबतो, तो थेट सप्टेंबरअखेरीपर्यंत. वाळवणं तेव्हाच घाल, पण आभाळ झाकलेलं असतं, कुरडई आपल्या चैतासारखी कडकडीत वाळत नाही. एक-दोन दिवस जास्त धर.

घड्याळ साडेचार तास मागं. तुझे दुपारचे अडीच म्हणजे आईचे संध्याकाळचे सात; तीच वेळ फोनची. रात्री जेवून झाल्यावर लावलास तर इथं मध्यरात्र होते नि तुझी आई घाबरून उठते. काळा मसाला मी कुटून ठेवला आहे, दोन डबे. मोठ्या बॅगेत घाल, हातातल्या नको. विमानतळावर डबा उघडायला लावला तर अख्खी रांग शिंकेल.