पाठ : आवड, नावड आणि लाज

मधल्या सुट्टीत एखादा मुलगा नाचणीची भाकरी झाकून खातो, कारण शेजाऱ्याच्या डब्यात गव्हाची पोळी असते. ही नावड जिभेची नसून लाजेची आहे, हे शिक्षकांनी प्रथम ओळखावे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. गव्हात त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, हेही वर्गात सांगावे.

मुलांनी घरातील वृद्धांस त्यांच्या बालपणीचे जेवण विचारून यावे. फळ्यावर ‘तेव्हा’ व ‘आता’ असे दोन रकाने आखून, काय सुटले व का सुटले, याची चर्चा करावी. अधूनमधून शिक्षकांनी स्वतः मुलांच्या पंगतीस बसून भाकरी खावी. उपदेशापेक्षा तेवढ्याने अधिक साधेल.