मधल्या सुट्टीचा खाऊ आणि आपले हृदय

मधल्या सुट्टीची घंटा झाली की फाटकाबाहेरच्या टपरीवर जी झुंबड उडते, ती आम्ही शिक्षकांच्या खोलीतून रोज पाहतो. थोड्याच वेळात पटांगणात रंगीबेरंगी पुड्यांचे रिकामे कागद उडू लागतात. परंतु तुम्हांला रागे भरण्याचा अधिकार आम्हांला नाही. कारण त्या टपरीचे आम्ही स्वतः कित्येक वर्षे इमानी गिऱ्हाईक होतो. घर दूर गोव्याकडे, येथे नार्नूरला एकट्याचे बिऱ्हाड. तेव्हा सायंकाळी चहाबरोबर भजी, आणि रात्री चूल पेटविण्याचा कंटाळा आला की शेव-चिवडा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आठवड्याने बोलावून तिसऱ्यांदा मोजला. मग वय विचारले. "चौतीस," आम्ही म्हणालो. आमचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, ही गोष्ट आम्ही तोवर सांगितली नव्हती; ती तेव्हा सांगावी लागली.

बावन्न हे वय आम्हांस त्या काळी दुर्दैवाचा भाग वाटले होते. पण ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या संशोधनातून २००७ साली असे प्रसिद्ध झाले की, हृदयविकाराचा पहिला झटका आपल्या दक्षिण आशियातील लोकांना साधारणतः ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील लोकांना ५९च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे हा पाहुणा सहा वर्षे आधीच दाराशी येतो. तो एका दिवसात येत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला मेदाच्या बारीक रेषा बालपणापासूनच उमटू लागतात. पुढे त्यांवर थर चढत जातो, वाट अरुंद होते, आणि एके दिवशी तेथे रक्ताची गुठळी अडकते. तुम्ही आज तेरा-चौदा वर्षांचे आहात म्हणून हा धडा तुमच्यासाठी नाही, असे समजू नका.

आता पुडीकडे वळू. पुडीचे पुढचे अंग चित्रांसाठी असते आणि मागचे वाचण्यासाठी. म्हणूनच मागची अक्षरे इतकी बारीक असावीत, अशी आम्हांला शंका आहे! तेथे १०० ग्रॅमचा हिशेब दिलेला असतो. तळलेल्या बटाट्याच्या कापांत सुमारे एक तृतीयांश भाग निव्वळ तेलाचा असतो. त्याखाली 'सोडियम' हा शब्द शोधा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते. समजा, तेथे ८०० मिलिग्रॅम लिहिले आहे. तर १०० ग्रॅम खाऊत २ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, आणि त्यात घरची भाजी, आमटी व लोणचे सारे आले. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो, हे तर आम्ही स्वतःवरून सांगू शकतो.

दुसरा शब्द 'ट्रान्स फॅट'. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले की वनस्पती तूप होते, आणि या क्रियेत हा घातक मेद निर्माण होतो. तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो व चांगले कमी करितो. भारत सरकारच्या अन्न प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु कढईत तेच ते तेल दिवसामागून दिवस उकळत राहिले, तर तेथे कायदा किती पाहणार?

गणिताच्या तासाला एक उदाहरण सोडवून पाहा. पाच रुपयांच्या पुडीत समजा १२ ग्रॅम माल आहे. किलोचा भाव काय पडला? चारशे सोळा रुपयांहून अधिक! याच्या निम्म्याहून कमी पैशांत किलोभर शेंगदाणे किंवा फुटाणे बाजारात मिळतात. शेंगदाण्यात तेल पुष्कळ असते हे खरे. पण ते बहुतांशी हृदयाला मानवणाऱ्या जातीचे असते, आणि शिवाय चौथा हिस्सा प्रथिने. एक मूठ पुरे. खारे मात्र नकोत. फुटाण्यांत तंतू भरपूर, त्यामुळे पोट लवकर भरते.

आपला हा मुलूख मूळचा ज्वारीचा. गोंड, कोलाम, आंध आणि मराठी बोलणारी कुटुंबे, सर्वांच्या घरी आंबील, कण्या व भाकरी होती. शिवारात कापूस व सोयाबीन आले, आणि ज्वारी मागे पडली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. ती नाचणीच्या गोड खिरीला कोकणीत 'तिजान' म्हणे व आम्ही नाक मुरडीत असू.

शेजारच्या उटनूरला आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू करते. दारूपायी बदनाम झालेल्या मोहाचा असा उपयोग पाहून समाधान वाटते. हे लाडू मुलींमधील रक्ताची उणीव भरून निघावी, या हेतूने केलेले आहेत, हृदयासाठी नव्हे. ते गोड आहेत, तेव्हा एकावर थांबावे. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मात्र आम्ही हा नियम मोडला, हे कबूल केले पाहिजे.

सध्या आमच्या डब्यात ज्वारीच्या लाह्या असतात. नागपंचमीला त्या घरोघरी होतात. एरवी का होऊ नयेत? रात्री ज्वारी कढत पाण्यात थोडा वेळ ठेवून निथळावी, फडक्यात बांधून ठेवावी. सकाळी दाणे जरा कोरडे झाले की लोखंडी कढई खूप तापवून त्यात एकेक मूठ घालावी व फडक्याच्या बोळ्याने सारखी हलवावी. फुटलेल्या लाह्यांना चमचाभर तेल, हळद, कढीपत्ता व भाजलेले दाणे यांची फोडणी द्यावी. मीठ अगदी चिमूटभर. सातवीतल्या एका मुलीने आमच्या पहिल्या लाह्या चाखून, "गुरुजी, निम्मे गणंगच राहिले की!" असा शेरा दिला. तिच्या आजीने कळविले की कढई पुरेशी तापली नव्हती. आता निघतात ते थोडे गणंग आम्ही शेजारच्या कोंबड्यांना घालतो.